दुसरा गाल: नागपुरात शिकवून गेलेला एक माणूस आणि माझ्या मुलाचा प्रश्न

सदरवाला

मागच्या गुरुवारी आमच्या मुलाने शाळेच्या व्हॅनमध्ये एका मुलाच्या कानाखाली वाजवली. सातवीत आहे. तो दुसरा मुलगा महिनाभर रोज विचारत होता, "तुझ्या आज्याला बाटायला किती पोती तांदूळ मिळाले रे?" हा टोमणा मी ऐकलाय, माझ्या वडिलांनी ऐकलाय. घरी येऊन पोराने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि मला सरळ विचारलं, "पप्पा, मी दुसरा गाल पुढे करायला पाहिजे होता का?"

मी बारा वर्षं आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेतोय. बायबलमधला मत्तयचा पाचवा अध्याय, ज्यात येशूचं 'दुसरा गाल'चं वचन येतं, मला तोंडपाठ आहे. पण त्या क्षणी तोंडातून एक शब्द निघेना. 'हो' म्हणावं तर मी पोराला मार खायला शिकवतोय. 'नाही' म्हणावं तर बारा वर्षं इतरांच्या मुलांना काय शिकवलं? शेवटी म्हटलं, "आधी जेवून घे."

त्या रात्री मला जेम्स लॉसन आठवले. नागपूरकरांपैकीही फार थोड्यांना हे नाव माहीत असेल. मला स्वतःला ते जून २०२४ मध्ये कळलं, ९५ व्या वर्षी ते गेल्याची बातमी वाचताना. १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षं हा माणूस आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेजात होता. मुलांना शिकवायचा, त्यांच्याकडून खेळाचा सराव करून घ्यायचा.

त्यांच्या लहानपणची एक गोष्ट आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातलं मॅसिलन हे गाव. कृष्णवर्णीय घरातला हा मुलगा आईच्या कामासाठी बाहेर गेला होता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीतून एका गोऱ्या मुलाने त्याला काळ्या माणसांना देतात ती घाणेरडी शिवी दिली. याने खिडकीतून हात घालून त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी पळत आला. आई स्वयंपाक करत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने मागे वळूनही न बघता एवढंच विचारलं, "जिमी, त्याने काय साधलं रे?" मग काम करता करता बराच वेळ बोलत राहिली. आपण कोण आहोत, या घरात कुणावर विश्वास ठेवतो, यापेक्षा बरा मार्ग असलाच पाहिजे, असं. वडील मेथडिस्ट पाळक होते, आणि ते कमरेला पिस्तूल बाळगायचे. म्हणजे एकाच घरात दोन्ही उत्तरं होती. मुलाने आईचं घेतलं.

पुढे कोरियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी सैन्यभरतीला नकार दिला. पाळकीचं शिक्षण घेणाऱ्यांना सूट मिळत होती, तीही मागितली नाही. तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनने भारतात पाठवलं. ज्या माणसाने येशूचं डोंगरावरचं प्रवचन (तेच मत्तय पाच) राजकारणात उतरवून दाखवलं, त्या गांधीजींची पद्धत त्यांना इथे राहून समजून घ्यायची होती. डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातच त्यांनी वर्तमानपत्रात माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची (बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्या लोकांनी केलेल्या) बातमी वाचली आणि मार्टिन ल्यूथर किंग हे नाव त्यांच्यासमोर आलं. आनंदाने ते उठून नाचायलाच लागले. ज्याची वाट बघत होते ते त्यांच्याच देशात, त्यांच्याच चर्चमधून सुरू झालं होतं.

१९५७ च्या फेब्रुवारीत दोघांची भेट झाली. दोघेही २८ वर्षांचे. किंग म्हणाले, शिक्षण संपायची वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले. तिथे एका चर्चच्या तळघरात त्यांनी जे केलं, त्यासाठी हा धागा काढलाय.

तिथे ते कॉलेजच्या मुलामुलींना मार खाण्याचा सराव द्यायचे. खुर्च्या ओळीने मांडायच्या, हे झालं दुकानातलं जेवणाचं काउंटर, जिथे काळ्या माणसाला बसायची मनाई. चार जणांनी गिऱ्हाईक व्हायचं, बाकीच्यांनी गुंड. गुंडांनी खऱ्या शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून द्यायचं. बसलेल्यांनी शिकायचं काय? खाली पडल्यावर अंग कसं मुडपायचं, डोकं कसं झाकायचं. मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघत राहायचं. एकाला फार मार बसत असेल तर बाकीच्यांनी मध्ये जाऊन तो मार कसा वाटून घ्यायचा. आणि हे एका दिवसाचं शिबिर नव्हतं. आठवड्यामागून आठवडे, महिनोन् महिने.

१३ फेब्रुवारी १९६० ला सुमारे सव्वाशे विद्यार्थी शहरातल्या दुकानांत जाऊन बसले. २७ तारखेला जमावाने त्यांना मारलं, पेटत्या सिगारेटी अंगावर विझवल्या. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या ऐंशीच्या आसपास मुलांना धरलं. एक गट उचलला की दुसरा येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. एप्रिलच्या १९ तारखेला पहाटे त्यांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एकही घोषणा न देता महापौरांच्या दारापर्यंत चालत गेले. डायन नॅश या विद्यार्थिनीने तिथे महापौरांना विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? ते 'हो' म्हणाले. १० मे रोजी काउंटर उघडले.

अजून एक प्रसंग सांगतो. मला तो सगळ्यात जास्त भिडतो. निदर्शनांच्या दिवसांत एका विद्यार्थ्याला गोरी पोरं मारत होती, लॉसन तिथे गेले. चामड्याचं जाकीट घातलेला त्यांच्यातला एक तरुण लॉसनच्या तोंडावर थुंकला. लॉसननी त्याच्याकडे बघून विचारलं, "रुमाल आहे का?" तो इतका गोंधळला की खिशातून काढून दिला. लॉसननी तोंड पुसलं, रुमाल परत दिला आणि विचारलं, "मोटारसायकल आहे का तुझ्याकडे?" आणि दोघे गाडीच्या इंजिनाबद्दल बोलत उभे राहिले. तोवर तो मार खाणारा विद्यार्थी तिथून निसटला होता.

रुमाल मागायची ही बुद्धी ऐन वेळी सुचत नाही, असं मला वाटतं. ती आधी अंगात मुरलेली लागते. आणि आम्ही मंडळीत काय करतो? वचन पाठ करून घेतो. पोराच्या हातात वचन दिलं आणि व्हॅनमध्ये पाठवलं. सराव कधी दिलाच नाही. तेव्हा त्याच्या हाताने जे येत होतं ते केलं.

इथल्या मंडळींना विचारतो, ख्रिस्ती असा, नसा. दुष्टाव्याला उलट वार न करता उत्तर देणं हे लहान मुलाला शिकवता येतं का? शिकवावं का?

कोरांटी

लॉसन हिस्लॉपला होते हे आजच कळलं. माझी आई साठच्या दशकात त्याच कॉलेजात होती. तिला आत्ता फोन करून सांगितलं, ती गप्पच झाली. लिहीत राहा.

निशिगंध

सदरवाला दादा, मी पाळकाच्या घरात वाढले, त्यामुळे हे वचन जेवणाच्या ताटावर ऐकलंय. 'दुष्टाला अडवू नका' हे आपलं मराठी भाषांतर मला नेहमी खुपायचं. येशूने तर आयुष्यभर दुष्टांना अडवलं. परूश्यांना अडवलं, देवळातल्या सराफांना अडवलं. मूळ ग्रीकमधला 'अँतिस्तेनाय' हा शब्द बऱ्याचदा समोरासमोर फळी धरून लढण्यासाठी येतो. 'जशास तसं लढू नका' असा अर्थ घेतला तर वाक्य उभं राहतं.

आता उजवा गाल बघा. येशूने नुसतं 'गाल' म्हटलं नाही, 'उजव्या गालावर' म्हटलं. उजव्या हाताने समोरच्या माणसाच्या उजव्या गालावर मारून बघा, हात उलटाच करावा लागतो. उलट्या हाताची चापट बरोबरीच्या माणसाला मारत नसत, ती गुलामाला, हलक्या समजलेल्याला. यहुद्यांच्या मिश्नात (जुन्या कायदासंग्रहात) साध्या थपडेला २०० झूझ (तेव्हाची नाणी) दंड आहे आणि उलट्या हाताच्या थपडेला ४००. लागतं कमी, अपमान दुप्पट. अशा वेळी पडेल चेहऱ्याने निघून न जाता, हातही न उचलता, डावा गाल पुढे करणारा माणूस सांगतोय की आता मारायचंच असेल तर बरोबरीचा म्हणून मार. वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने ही मांडणी सगळीकडे पोचवली. सगळ्या पंडितांना ती पटलेली नाही, पण व्हॅनमधल्या टोमण्याला ती अगदी लागू पडते. 'किती पोती तांदूळ' ही उलट्या हाताचीच चापट आहे.

आणि एक. महायाजकापुढे शिपायाने येशूला खरोखर थप्पड मारली तेव्हा त्याने काय केलं? योहान अठरा वाचा. दुसरा गाल पुढे केला नाही. "माझं चुकलं असेल तर दाखव, बरोबर असेल तर का मारतोस?" या अर्थाचं विचारलं. मारही नाही आणि गप्पही नाही. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा.

रोखठोक

सदरवाला, तुमच्या मुलाबद्दल वाईट वाटलं. त्या टोमण्याचं समर्थन कोणीच करू नये. पण मला दोन गोष्टी मोकळेपणाने विचारायच्या आहेत, राग नसावा.

पहिली. अमेरिकेत कोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती, टीव्हीचे कॅमेरे होते, आणि महापौराला मतं हवी होती. जिथे समोरच्याला लाजच नाही तिथे हे चालतं का? नाझींसमोर रुमाल मागून काय झालं असतं?

दुसरी. ज्या धर्माचं हे प्रवचन, त्याच धर्माने गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चालवलं, मधली काही वर्षं सोडली तर. गाल पुढे करायचा तो फक्त दुबळ्याने का?

मडगावकर

रोखठोक यांच्या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण तो आमच्या दारातला आहे. मी गोव्यातला कॅथलिक. कुंकळ्ळी माझ्या घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासावर.

जुलै १५८३. पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, पिकं जाळली होती. पाच जेझुईट पाद्री चर्चसाठी जागा बघायला आणि क्रूस उभारायला कुंकळ्ळीला गेले. गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं. त्या पाद्र्यांमधले रोदोल्फो आक्वाव्हिवा हे त्याआधी अकबराच्या दरबारात राहून आलेले होते. मग पोर्तुगीजांनी गावच्या सोळा पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि चौकशी न करता ठार केलं. एकटा नदीत उडी टाकून वाचला.

आम्हाला लहानपणी पाच जण माहीत होते. सोळा जण मला मोठेपणी कळले. आज कुंकळ्ळीत त्यांचंही स्मारक उभं आहे. मी दोन्हीकडे जातो. ज्यांच्या हातात सत्ता होती आणि गळ्यात क्रूस होता, त्यांनी त्या दिवशी मत्तय पाच फाडून टाकलं. हे मान्य केल्याशिवाय आमच्यातल्या कोणी अहिंसेवर बोलू नये, असं माझं मत आहे. तुमचा प्रश्न बरोबर आहे. गाल पुढे करायला सांगायचा हक्क बलवानाला नाही.

लियाँची मंजिरी

नाझींच्या प्रश्नावर मी लिहिते. मी फ्रान्समध्ये राहते. दोन वर्षांपूर्वी ल शांबों सुर लिन्यों या गावी जाऊन आले. समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवरचं पठार, उन्हाळ्यातही अंगात स्वेटर लागतो. इथले लोक प्रॉटेस्टंट, ज्यांच्या पूर्वजांना कॅथलिक राजाने छळलं होतं. त्यांचं देऊळ (ते चर्चला तोच शब्द वापरतात) साधं दगडी आहे. दरवाज्यावर कोरलंय: एकमेकांवर प्रीती करा. बाकी काही नाही.

फ्रान्सने शरणागतीच्या करारावर सही केली २२ जून १९४०. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पाळक आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस यांनी मंडळीला सांगितलं की आपल्या विवेकावर जी जबरदस्ती होईल तिला आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. बघा, 'प्रतिकार' शब्द वापरला. सोसा असं म्हटलं नाही.

मग दार वाजायला लागलं. थंडीत एक जर्मन यहुदी बाई पाळकाच्या घरी आली, त्यांच्या पत्नी माग्दा म्हणाल्या, आत या. तिथून सुरुवात. शेतांवर, शाळांच्या वसतिगृहांत, घराघरांत माणसं लपली. या पठारावर सुमारे पाच हजार लोकांना आसरा मिळाला, त्यातले तीन हजारांहून जास्त यहुदी. १९४२ मध्ये सरकारने यादी मागितली तेव्हा त्रोक्मे म्हणाले, यहुदी म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही, आम्हाला माणसं माहीत आहेत.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांना पकडायला पोलीस आले. पाळक घरी नव्हते, पोलीस थांबले. जेवायची वेळ झाली तशी माग्दांनी पोलिसांनाही ताटावर बसवलं. नवऱ्याला न्यायला आलेली माणसं! नंतर लोकांनी विचारलं तर म्हणाल्या, जेवायची वेळ होती, त्यात विशेष काय. गावातले लोक एकेक करून वाटेसाठी काहीबाही देऊन गेले, त्या टंचाईत.

किंमत चुकली नाही, हेही सांगते. त्रोक्मेंचे नातलग दानिएल त्रोक्मे यांना त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर पकडलं. ते १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत वारले. गावच्या डॉक्टरांना गोळ्या घातल्या. आणि हिटलर शेवटी सैन्यांनीच हरवला, ते मी नाकारत नाही. त्याच पठारावर बंदूक घेतलेले तरुणही होते. पण नाझींपुढे हे 'चाललं नाही' असं मला म्हणता येत नाही. ती माणसं वाचली, त्यांची नातवंडं आज तिथे फुलं घेऊन येतात.

एक गोष्ट मला छळते. हे सगळं खोट्या कागदपत्रांवर चाललं. खोटी नावं, खोटी रेशनकार्डं. पाळकांच्या घरातल्या लोकांना खोटं बोलणं फार जड गेलं. पण मुलांचा जीव होता. त्यांनी कागद बनवू दिले.

चवदार

सदरवाला, लॉसन ज्या वर्षी नागपूर सोडून गेले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथेच धम्मदीक्षा झाली. आम्ही त्या दीक्षेची लेकरं. म्हणून नम्रपणे एक भर घालतो. २० मार्च १९२७ ला महाडला तळ्याचं पाणी पिऊन झाल्यावर परतणाऱ्या लोकांना गावगुंडांनी मारलं. जखमी माणसं बाबासाहेबांकडे आली. उलट हल्ला करायला माणसं तयार होती, संख्याही होती. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही, आणि मारणाऱ्यांवर खटले भरायला लावले. माझ्या आजोबांच्या तोंडी हे असायचं. 'हात उचलू नका' आणि 'सोडून द्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे स्पष्ट दिसतं.

अबोली

तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको, करत होते.

माझी मावशी. नवरा मारायचा. ती एका धर्मगुरूंकडे गेली. नाव, गाव सांगत नाही. त्यांनी तिला हेच वचन दाखवलं. दुसरा गाल. प्रीती सर्व सोसते. परत जा बाई, प्रार्थना कर, त्याचं मन पालटेल. ती परत गेली. चार वर्षांनी तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला तो फाटलाच. निशिगंध ताई, तुम्ही उजव्या गालाचं लिहिलंत. उजव्या हाताची सरळ थप्पड डाव्या कानावर बसते. मावशी अजून बोलताना उजवा कान पुढे करते.

लॉसनची मुलं सव्वाशे होती. महिनोन् महिने तयारी केलेली, बाहेर वकील, आपण होऊन निवडलेला दिवस, निवडलेलं दुकान. संध्याकाळी परत यायला जागा होती. मावशी एकटी होती, स्वयंपाकघरात, रात्री. तिने काही निवडलं नव्हतं. या दोन्हीला एकच वचन कसं लावता?

मी चर्चला जाते. श्रद्धा सोडलेली नाही. पण ज्या दिवशी हे वचन वाचतात त्या दिवशी मी आजही खिडकीबाहेर बघत बसते.

निशिगंध

अबोली ताई, तुमचं वाचून मी माझं वरचं पोस्ट परत वाचलं. ते एखाद्या वर्गात बोलल्यासारखं आहे. माफ करा.

मला एवढंच म्हणायचंय की त्या धर्मगुरूंनी अर्धंच शास्त्र उघडलं. नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, लूक चार. शिष्यांना त्याने सांगितलं, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, मत्तय दहा. पळून जाणं हे त्याचंच शिकवणं आहे. तुमच्या मावशीला कोणी तरी पहिल्याच दिवशी मत्तय दहा वाचून दाखवायला हवं होतं, आणि दाराशी रिक्षा आणून उभी करायला हवी होती.

सदरवाला

अबोली ताई, तुमचं पोस्ट मी बायकोला वाचून दाखवलं. मंडळीत या वचनावर मी जेव्हा जेव्हा धडा घेतला तेव्हा समोर कोण बसलंय याचा विचार केला नव्हता. तिथे तुमच्या मावशीसारखं कोणी बसलेलं असणारच. तुम्ही जो फरक दाखवलात, निवडलेलं दुःख आणि लादलेलं दुःख, तो माझ्या मूळ लेखात नव्हता. लॉसनच्या तळघरात मात्र होता. मार सहन होणार नाही असं ज्याला वाटेल त्याला तिथे काउंटरवर बसवत नसत, दुसरं काम देत. ते मी लिहायचंच विसरलो.

सराफाकाठचा

इंदूरहून लिहितोय, आमच्या पिढ्या इथेच गेल्या. आमच्या भागातली गोष्ट सांगायलाच हवी. सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या, इंदूर धर्मप्रांतात उदयनगरकडे भूमिहीन आदिवासींबरोबर काम करायच्या. सावकारांच्या पाशातून लोकांना सोडवायच्या, हक्काच्या सरकारी योजना मिळवून द्यायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये, लोकांसमोर, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकलं. पन्नासच्या वर वार.

त्यांची सख्खी धाकटी बहीणही सिस्टर. २००२ मध्ये ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि त्या माणसाच्या हातावर राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, त्याच्या सुटकेसाठी याच कुटुंबाने पाठिंबा दिला होता. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलंय म्हणून, असं ती म्हणाली.

आमच्या घरी दर वर्षी राखी येते, मी तिचा विचार फार कधी केला नव्हता. आता पौर्णिमेला हात पुढे करताना ही गोष्ट आठवते आणि घशाशी येतं. मात्र शिक्षा झाली होती, अकरा वर्षं तो आत होता, हेही लक्षात घ्या. ओरिसात १९९९ मध्ये कुष्ठरुग्णांमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची मुलं जाळली गेली, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स बाईंनीही हेच सांगितलं होतं की माझी क्षमा वेगळी आणि कायद्याचं काम वेगळं. आणि त्या बारीपद्यातच राहिल्या, २००४ पर्यंत, कुष्ठरुग्णांच्या त्याच कामात.

रोखठोक

मडगावकर, मंजिरी, चवदार, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. कुंकळ्ळीच्या सोळा जणांबद्दल एखादा ख्रिस्ती माणूस असं लिहील, असं मला वाटलं नव्हतं.

मला अजून पूर्ण पटलेलं नाही. माझा भाऊ सैन्यात आहे. सीमेवर रुमाल मागता येत नाही, आणि तो तिथे आहे म्हणून आपण इथे धागे लिहितो, हे मला विसरता येत नाही. ख्रिस्ती परंपरेतही न्याय्य युद्ध मानणारे संत ऑगस्टीनपासून आहेतच. पण गावात, शाळेत, मोहल्ल्यात, जिथे समोरचा माणूस उद्याही शेजारीच राहणार आहे, तिथे तळघरातला तो सराव हवा, एवढं मी मान्य करतो. व्हॅनमधल्या मुलाचं पुढे काय झालं?

सदरवाला

रोखठोक, तुमच्या भावाला माझा सलाम सांगा. तुमच्या शंकेला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. लॉसन तुमच्या भावाच्या जागी उभे राहायला तयार नव्हते आणि त्यासाठी तुरुंगात गेले. मी तेवढा खंबीर आहे असं म्हणणार नाही.

पुढे काय झालं ते सांगतो. शनिवारी पोराला लॉसनच्या आईची गोष्ट सांगितली. मग थपडेबद्दल त्या मुलाची माफी मागायला त्याच्या घरी गेलो, मी आणि पोरगा. त्याचे वडील दारात उभे राहून ऐकत होते. आत या म्हणाले नाहीत. पण मी तिथेच, दारातच, तो टोमणा काय होता तेही सांगितलं, शब्द न बदलता. निशिगंध ताईंनी सांगितलेलं योहान अठरा डोक्यात होतं. त्यांनी मान खाली घातली. मुलगा आतल्या खोलीत गेला.

काल रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये चार खुर्च्या मांडल्या. ही व्हॅन. बायको ड्रायव्हर, पोरगा खिडकीशी, मी मागच्या सीटवरचा मुलगा. पोराने काय करायचं ते ठरवलं होतं: मागे वळायचं, डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, "हे तू रोज का म्हणतोस?" एवढंच. हात मांडीवर.

सुरुवात माझ्याकडून होती. मी तोंड उघडलं आणि तो तांदळाचा शब्द माझ्याच्याने म्हणवेना. माझ्या वडिलांना तो म्हटलेला मी ऐकला होता, सीताबर्डीत, मी आठ वर्षांचा होतो. पोरगा खिडकीकडे तोंड करून वाट बघत बसला. दोनदा प्रयत्न केला, दोनदा थांबलो. बायको म्हणाली, राहू द्या आज. पोराने मागे न बघताच म्हटलं, "नाही पप्पा, म्हणा."

तिसऱ्यांदा म्हटलं. तो वळला. त्याच्या हाताची मूठ झाली, सुटली, परत झाली. मग त्याने विचारलं. आवाज फाटला. "परत करू," म्हणाला. आम्ही साडेदहापर्यंत करत होतो.